एक नंबरचा उपास

माझी घरमालकीण झाडांना उपास करायला लावायची. राखेच्या बुधवारी सकाळी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून यायची, चहाच्याही आधी मागच्या अंगणात जायची, नळाचा पाइप काढायची आणि गुंडाळून पलंगाखाली सरकवून द्यायची. तिथून ईस्टरपर्यंत तिच्या एक्केचाळीस बोगनवेलींना पाणी मिळायचं ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. झाडाने माना टाकल्या तर एक झाकण. फारच टाकल्या तर दोन.

"आपण मटण सोडतो, त्यांनी पाणी सोडायचं," ती म्हणायची. "घरात राहायचं तर घराचे नियम."

मरोळच्या गावठाणात तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. खालच्या मजल्यावर ती एकटी असायची. नवरा आम्ही येण्याआधीच गेला होता, एकुलता मुलगा कॅनडात होता. आम्ही तिला आंटी म्हणायचो. सगळी गल्लीच म्हणायची. मी दहा मिनिटांवरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधं पॅक करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचे. म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका शोधायचे. घरी आल्यावर मला दुसऱ्या कोणाच्या भानगडीत पडायची हौस नव्हती, तरी पहिल्याच वर्षी मी पडले. आमच्या मागच्या गॅलरीच्या बरोबर खाली एक कुंडी होती. मार्चच्या उन्हात त्या झाडाची पानं अशी लोंबत होती की मला बघवेना. मी वरून एक तांब्या ओतला, तीन दिवस रोज. चौथ्या दिवशी आंटी जिना चढून वर आली.

"वरनं पाऊस पडतो काय गो तुमच्याकडे?"

मी कबूल केलं. ती मला खाली घेऊन गेली. माझं झाड हिरवंगार, कोवळ्या पानांनी भरलेलं होतं. त्याच्या शेजारची उपाशी झाडं राणी, पांढऱ्या आणि विटकरी रंगाने अशी भरली होती की पान दिसत नव्हतं.

"बघितलंस? लाड केले की पानं येतात, फुलं नाय. बोगनवेल घाबरली की फुलते. आता काय आपण वाचत नाय असं तिला वाटलं पाहिजे. मग असेल नसेल ते सगळं बाहेर काढते."

"आणि खरंच मेली तर?"

"तेवढंच बघायचं असतं. किती घाबरवायची ते."

माझ्या झाडाला त्या वर्षी एकही फूल आलं नाही. तिने ते वर्षभर जिन्याच्या पायरीशी ठेवलं, येता-जाता मला दिसेल असं. पुन्हा मी पाण्याला हात लावला नाही.

तीस वर्षं ती वसाहतीतल्याच एका वर्कशॉपमध्ये मोटर वाइंडिंगचं काम करत होती. जळलेल्या मोटरींची तार सोडवायची आणि नवी भरायची. रिटायर होताना तिने सोन्याचं काही मागितलं नाही, तारेची भंगारातली रिळं मागितली. त्या तांब्याच्या तारेने ती झाडांच्या फांद्या वळवायची. वेढे इतके सारखे पडायचे की आमच्या कारखान्यातल्या मशीननेही मान खाली घातली असती. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, अंगात गुडघ्याखाली येणारा सुती झगा, झग्याच्या खिशात पक्कड. चर्चला जाताना पक्कड काढून ठेवायची, एवढाच फरक.

बोन्साय हा शब्द ती वापरायची नाही. "कुंडीतलं" म्हणायची. झाडांना लाडाची नावं देणाऱ्या माणसांचा तिला राग होता. तिच्या झाडांना नंबर होते, कुंडीवर पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेले. एकदा अंधेरी पश्चिमेहून तीन-चार बायका गाडी करून झाडं बघायला आल्या. त्यातली एक तारेने बांधलेल्या फांद्या बघून कळवळली.

"किती टॉर्चर ना हे! बिचारी झाडं."

आंटीने तिच्या डोक्याकडे बघितलं. "तुझे केस असेच सरळ होते काय, का इस्त्री केली?"

त्या बायका पुन्हा आल्या नाहीत. आंटीला फरक पडला नाही. झाड तिने कोणाला विकलंही नाही आणि दिलंही नाही. मागणाऱ्याला ती एकच सांगायची, "बघायचं. हात नाय लावायचा."

थंडीत बोगनवेलीला सांभाळायचं असतं असं परदेशातले लोक म्हणतात. आमच्याकडे थंडी कुठली? डिसेंबरात दोन आठवडे लोक स्वेटर काढतात ते कपाटाला हवा लागावी म्हणून. आंटीच्या झाडांना सांभाळायची वेळ यायची ती पावसाळ्यात. पाणी साचलं की बोगनवेलीची मुळं कुजतात. जूनच्या सुरुवातीला ती सगळ्या कुंड्या आत घ्यायची, मावतील तेवढ्या. खुर्च्यांवर, शिवणाच्या मशीनवर, फ्रिजवर, पलंगाच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या बाहेर पत्र्याखाली, एका अंगावर कलंडवून, भांडी निथळत ठेवतात तशा. ते तीन-चार महिने तिच्याकडे गेलं की उभं राहूनच बोलावं लागायचं. पाहुण्यांनी यावं असं तिला वाटायचंही नाही.

खऱ्या थंडीशी तिचा संबंध आला तो मुलामुळे. कॅनडात त्याने कुठल्याशा नर्सरीतून एक बोगनवेल विकत घेतली होती. आईची आठवण म्हणून घेतली असेल. ऑक्टोबरात त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी खालीच होते, कारण फोन मलाच धरावा लागायचा. आंटीने धरला की मुलाला छताचा पंखा दिसायचा.

"आई, पानं गळली सगळी. काडी राहिलीय नुसती. वाट लागली."

"घरात उबेला ठेवलीस ना? बाहेर काढ."

"बाहेर बर्फ पडेल आता."

"मग गाडी ठेवतोस ती खोली हाय ना? तिथं ठेव. जिथं तुला स्वेटर लागेल पण दात नाय वाजणार. आणि पाणी महिन्याला एक कप. जास्त नाय."

"मेलीय गं ती."

"मेली नाय, झोपलीय. तू दर दोन दिवसांनी उठवू नको."

त्या झाडाची जबाबदारी नातीने घेतली. सहा-सात वर्षांची होती. तिला मराठी येत नव्हतं, आंटीला तिचं इंग्रजी कळत नव्हतं. तरी पाच महिने दर रविवारी ती पोरगी गॅरेजमध्ये जाकीट घालून उभी राहायची आणि ती सुकी काडी कॅमेऱ्यासमोर धरायची. आंटी इथून चष्मा लावून बघायची. "पाणी?" पोरगी विचारायची, हा शब्द ती शिकली होती. "नाय," आंटी म्हणायची. "नाय," पोरगी मान हलवून म्हणायची आणि दोघी खूश व्हायच्या. एप्रिलमध्ये काडीला तिळाएवढा लाल फुगवटा आला, तेव्हा ती तिकडे इतकी किंचाळली की मी फोन कानापासून, म्हणजे डोळ्यांपासून, लांब धरला.  त्या दिवशी आंटीने मला बसवून घेऊन वाइन दिली. घरची, जांभळाची. एरवी ती नाताळशिवाय बाटली उघडायची नाही.

मुलगा तीन वर्षं तिला तिकडे बोलावत होता. कायमचं. गुडघे गेलेत, एकटी राहतेस, पडलीस तर कोण बघणार, हे सगळं खरंच होतं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या विषयावर जायची. मग एका मे महिन्यात तो आला. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याचा सण असतो मेमध्ये. क्रूसाला फुलं वाहतात, प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे आणि वाइन. सगळी गल्ली जमलेली होती, आम्हीही होतो. चार माणसांत आईला नाही म्हणता येणार नाही असा हिशेब करून मुलाने तिथेच विषय काढला.

आंटीने चण्यांचा द्रोण खाली ठेवला. "एक नंबर जिवंत हाय तोवर मी हलणार नाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तो मेला की दुसऱ्या दिवशी तिकीट काढ."

एक नंबर म्हणजे तिचं सगळ्यात जुनं झाड. ती काम करायची त्या वर्कशॉपच्या फाटकावरची बोगनवेल. वर्कशॉप बंद पडून भिंत पाडली तेव्हा तिने चार माणसं लावून बुंधा उपटून आणला होता. माझ्या मांडीएवढा जाड, आणि उंची जेमतेम दोन फूट.

त्या गल्लीत एक पद्धत आहे. क्रूसासमोर बोललेलं मागे घेत नाहीत. कोणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही. आणि कोणी विसरलंच, तर समोरच्या घरात आंटीची नणंद राहायची. तिचं काम आठवण करून देण्याचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कुंपणापाशी उभी राहून विचारायची, "काय वयनी, एक नंबर कसा हाय? बोललीस हां तू क्रूसासमोर."

"तुझ्यापेक्षा बरा हाय," आंटी उत्तर द्यायची.

आता या प्रकरणात माझंही काही अडकलेलं होतं, ते सांगून टाकते. आंटी गेली असती तर मुलाने घर बिल्डरला दिलं असतं आणि आम्हाला जावं लागलं असतं. कारखान्याला चालत जाता येतं, भाडं बेताचं आणि मालकीण सरळ, असं घर मुंबईत परत मिळत नाही. एक नंबर जगावा असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच पावसाळ्यात तो सडला. पत्र्यावरची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती आणि दोन दिवस पाण्याची धार बरोबर त्याच्या कुंडीत पडत राहिली. आंटी तापाने झोपून होती, मला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली, कुंडी उलटी केली आणि मुळं हुंगली. वास मलाही आला, नासलेल्या बटाट्यासारखा. तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने काळी मुळं कापून टाकली, निम्म्याहून जास्त, मग विटांच्या चुऱ्यात झाड परत लावलं आणि आत नेऊन ठेवलं. पानं गळली. दिवाळी गेली, नाताळ गेला, बुंधा तसाच उघडा. नणंद रोज विचारत होती. मी एकदा म्हटलं, "आंटी, नखाने खरवडून बघू का? आत हिरवं असलं तर कळेल."

"रोज कोणी नख लावलं तर तू वाचशील काय? राहू दे."

ती त्याच्याकडे फारशी बघत नव्हती हे माझ्या लक्षात आलं होतं. भीती वाटत असेल असं मी धरलं.

फेब्रुवारीत तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. उपास सुरू होऊन दहा दिवस झाले होते. ऑपरेशन आणि पुढे व्यायामासाठी त्याच हॉस्पिटलच्या केंद्रात राहणं, मिळून साडेतीन आठवडे. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला अंगणातून फिरवलं. चाळीस झाडांचं सगळं सांगून झालं. एक नंबरपाशी आलो तेव्हा ती जरा थांबली.

"याला पानंच नायत. माना कशा टाकणार? कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर दोन झाकणं. पण तू कर तुला वाटेल तसं. मी काय बघायला नाय."

"मला वाटेल तसं नको आंटी, नीट सांगा. हलकी म्हणजे किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू पण ना."

हलकी म्हणजे किती हे मीच ठरवलं. घरी वजनाचा काटा होता. सकाळी कामाला जायच्या आधी मी कुंडी घेऊन त्यावर उभी राहायचे, मग कुंडी खाली ठेवून एकटी. वजाबाकी केली की झाडाचं वजन. नवरा जिन्यातून दात घासत बघायचा.

"आज कोण वाढलं? तू की ते?"

"मी."

"मग तुझं पण पाणी बंद कर."

कोरड्या कुंडीचं वजन मी पहिल्या आठवड्यात पक्कं केलं. वजन तेवढं उतरेपर्यंत पाणी नाही, उतरलं की दोन झाकणं. कागद भिंतीला चिकटवला. एक दिवस चुकवला नाही.

दुसऱ्या आठवड्यात, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, मुलाचा फोन आला. तिकडे मध्यरात्र असणार. आधी त्याने आईची चौकशी केली, मग माझी, मग नवऱ्याची. इतकी चौकशी करणारा माणूस काहीतरी मागणार असतो.

"ताई, एक सांगू का? तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

"बोला."

"ते झाड... नाहीतरी गेलंयच ना ते."

"माहीत नाही. बघतेय."

"नाही, म्हणजे... तुम्ही जरा जास्त पाणी घातलं तर? रोज एक मग. बाकी काही नाही करायचं. आठ दिवसांत निकाल लागेल. आई इकडे येईल. तिलाही सुटल्यासारखं होईल."

मी डबा बंद केला. "हे तुम्ही तुमच्या आईला विचारलंत?"

  "आईचं काय... तिचं सोडा. तुम्ही करू शकता का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे सोपवलेलं झाड मी मारत नाही. आणि तुम्हीही असं कोणाला सांगत जाऊ नका."

फोन ठेवल्यावर मला स्वतःबद्दल चांगलं वाटलं, हे खरं. घर वाचतंय म्हणून थोडं, पण त्याहून जास्त म्हणजे एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीमागे तिच्या झाडाशी चाललेला दगाफटका मी थांबवला म्हणून. संध्याकाळी येऊन मी एक नंबरला अंगणाच्या अगदी कोपऱ्यात, सगळ्यात जास्त ऊन असलेल्या जागी हलवलं. तिथून तो गल्लीतून दिसत नव्हता. बरं झालं असं वाटलं. मुलाने आणखी कोणाला फोन केला असता तर?

चार दिवसांनी बुंध्याच्या वरच्या अंगाला लाल ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी सात. मी काट्यावर उभी राहिले, वजन घेतलं आणि झाकण न भरता परत ठेवून दिलं. हात थांबवायला जोर लागला, पण थांबवला. फांद्या फुटल्या, बोटभर झाल्या, माना टाकल्या, एक झाकण. पुन्हा टाकल्या, पुन्हा एक. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा असतो. त्याच्या आदला शनिवार उजाडला तेव्हा त्या उघड्या बुंध्यावर पानं मोजून असतील वीस, आणि त्यांच्यामध्ये राणी रंगाचे झुपके. मी मोजले, एकोणीस.

त्याच दिवशी दुपारी आंटी वॉकर घेऊन रिक्षातून उतरली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला पाणी दिलं, खुर्ची अंगणात नेऊन ठेवली आणि म्हटलं, "या, दाखवते."

ती हळूहळू आली. कोपऱ्यात एक नंबर होता. ती उभीच राहिली, मग खुर्चीत बसली. वॉकरच्या दांड्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी.

"फुलला," ती म्हणाली.

"एकोणीस झुपके आलेत. भिंतीवर कागद आहे, बघा. रोजचं वजन लिहिलंय."

तिने कागद बघितला नाही. "तुला फोन नाय आला?"

मला वाटलं तिला कुठून तरी कळलं. "आला होता. पण मी साफ नाही म्हटलं. काळजी करू नका, परत करणार नाहीत ते."

"मीच सांगितलं होतं त्याला करायला."

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. 

"मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं, नीट सांगा म्हणून."

"कसं सांगणार? माझ्या तोंडाने? चाळीस वर्षांचं झाड हाय ते. माझ्याने नाय झालं. ताडपत्री फाटली ना, मला वाटलं देवाने केलं. मुळं कापली मी, सवयीने कापली, हात थांबेना. मग म्हटलं आता थंडीत जाईल. नाय गेला. म्हटलं तुझ्यावर सोडू, तू पहिल्या वर्षी तांब्या ओतत होतीस तशी ओतशील." तिने माझ्याकडे बघितलं. "तू वजन करत बसलीस."

"तुम्हाला जायचं होतं?"

"पोरगी नऊ वर्षांची होईल आता," ती म्हणाली. "फोनवर ती काडी दाखवते, मी नाय म्हणते. किती वर्षं नुसती नाय म्हणत राहू?"

"मग जा ना! कोण अडवतंय? झाडासाठी कोणी..."

"क्रूसासमोर बोललेय मी."

मी कारखान्यात वीस वर्षं काम केलंय. चूक सापडली की कोणाची ते नंतर बघतात, आधी माल थांबवतात. मी विचारलं, "हे फुललेलं कोणी बघितलंय? तुम्ही, मी आणि माझा नवरा. बरोबर?"

"मग?"

"मग ते मेलं."

ती ताठ झाली. "खोटं? येशूच्या मरणाच्या आठवड्यात?"

"तुम्ही नका बोलू. मी बोलते. मी हिंदू बाई, माझा तुमच्या क्रूसाशी काही करार नाही."

"आणि मला कोणी विचारलं तर?"

"गप्प बसा. लोकांना वाटेल वाईट वाटलंय."

तिने त्या एकोणीस झुपक्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "उचल. पण बुंध्याला धर, फांद्यांना नाय."

मी आणि नवऱ्याने एक नंबर पडदा गुंडाळून वर नेला आणि आमच्या मागच्या गॅलरीत ठेवला. तिची एक बाजू गल्लीतून दिसायची, म्हणून पुढे दोरीवर दोन डबल चादरी. रविवारी नणंद चर्चहून आल्यावर मी तिला कुंपणापाशीच गाठून सांगितलं, एक नंबर गेला, मुळं कुजली होती, मी फेकून दिला. तिने छातीवर क्रूस केला. त्या आठवड्यात गल्लीतली पाच-सहा घरं आंटीला भेटून गेली. कोणी केक आणला, कोणी सूप. आंटी पलंगावर भिंतीकडे बघत बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. बायका बाहेर येऊन मला म्हणायच्या, फार मनाला लावून घेतलंय गो हिने. मी हो म्हणायचे. आमच्या गॅलरीत तेव्हा एकोणिसाचे साठ झाले होते.

मुलाने तिकीट काढलं, दुसऱ्या दिवशी नाही पण महिन्याभरात. तोवर आणि त्यानंतरही आमच्या चादरी दोरीवरून उतरल्या नाहीत.

"रोज चादरी धुतेस?" नणंदेने एकदा वर बघून विचारलं.

"नवऱ्याला घाम फार येतो."

जायच्या आधी आंटीने पलंगावर बसून मला यादी लिहायला लावली. ज्या बाईने चाळीस वर्षं कोणाला फांदी दिली नाही तिने चाळीस झाडं एका दुपारी वाटून टाकली. दोन नंबर चर्चला, सात नंबर डॉक्टरला, चौदा नंबर नणंदेला, "आणि तिला सांग जास्त पाणी घालू नको, तिचा हात सैल हाय." एक नंबर यादीत नव्हता. मेलेलं झाड कोणाला देणार? मी विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. विमानतळावर निघताना ती जिन्याशी थांबली आणि वर चादरींकडे बघितलं. मला वाटलं वर येते म्हणेल. पण गुडघा नवा होता. ती गाडीत बसली.

घर बिल्डरकडे गेलं ते पुढच्या वर्षाच्या आत. आम्हाला चेंबूरला जागा मिळाली, लहान आणि महाग. हे होणार हे मला त्या शनिवारीच अंगणात कळलं होतं. त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पो गल्लीत आला. सगळं चढवून झाल्यावर मी एक नंबर चादरीत गुंडाळून खाली आणला. पुढच्या सीटवर, पायाशी ठेवायचा होता. नणंद कुंपणापाशी उभी होतीच.

"काय हाय गो ते एवढं जड?"

"देवघर," मी म्हटलं.

ती दोन पावलं मागे सरली, मला वाट द्यायला. मी पाय उचलून आत ठेवत होते तेवढ्यात चादरीच्या घडीतून तीन राणी पाकळ्या खाली पडल्या, तिच्या चपलेपाशी. मला वाकता येईना, हात भरलेले होते. ती वाकली. पाकळ्या उचलल्या, तळहातावर ठेवून बघितल्या, मग गॅलरीकडे बघितलं. दोरी आता रिकामी होती. तिने पाकळ्या झग्याच्या खिशात टाकल्या आणि टेम्पोचं दार बाहेरून लावून घेतलं.

"कुंडी बुंध्याला धरून उतरव," ती म्हणाली. "फांद्यांना नाय."